दोनदा आलेला गोवर

१

मुलांनो, हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवा आणि कल्पना करा.

साल एकोणीसशे त्र्याऐंशी. मार्गशीर्षातली सकाळ. नाशकात थंडी अशी पडली आहे की गोदावरीच्या पाण्यावर वाफ तरंगते आहे. तुम्ही एका मोठ्या दवाखान्यात, लहान मुलांच्या वॉर्डात उभे आहात. दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा आहेत. फिनेलचा वास येतो आहे. खिडकीशेजारच्या खाटेवर एक मुलगी आहे. तिचा चेहरा इतका सुजला आहे की सख्ख्या बापालाही ती चटकन ओळखू येऊ नये.

हे कोणी केलं? की कशाने केलं?

डोळे आणि कान उघडे ठेवा. डॉक्टर शहनाजला जे दिसेल तेच तुम्हाला दिसेल आणि तिला जे ऐकू येईल तेच तुम्हालाही ऐकू येईल. बघू या, आधी कोणाला उलगडतं.

शहनाज त्या वॉर्डातली सगळ्यांत तरुण डॉक्टर. जुन्या नाशकात वाढलेली, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करणाऱ्याची मुलगी. खाटेवरच्या मुलीचं नाव झुंबर. वय अकरा. आजीचं नाव तिला ठेवलेलं, म्हणून शाळेतली पोरं "झुंबरे, छताला लटक" असं चिडवायची. आज तिला चिडवलं असतं तरी उत्तर द्यायची ताकद तिच्यात नव्हती. अंगभर लाल पुरळ, सणसणून ताप, मानेला सुपारीएवढ्या गाठी आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागाला किंचित पिवळी झाक.

"गोवर हाय, बाई," तिची आई मालनबाई म्हणाली. ती घोटीकडची, लग्न होऊन पंचवटीत आलेली. "दिवाळीच्या आधी बी आला हुता. तवा हलका हुता. आता लय जोरात आलाय."

शहनाजचा हात नाडीवरच थांबला. "दिवाळीच्या आधी? असाच?"

"असाच. अंग लाल, ताप, समदं असंच."

शहनाजने मनात एक गाठ मारून ठेवली. गोवर एकदा येऊन गेला की शरीर त्याचा चेहरा विसरत नाही. तो पुन्हा सहसा येत नाही, आणि दोन महिन्यांत तर नाहीच नाही. म्हणजे तेव्हाचा तरी गोवर नव्हता, नाहीतर आताचा तरी नव्हता. किंवा दोन्ही वेळा भलतंच कोणीतरी गोवराचं सोंग घेऊन आलं होतं.

"औषध काही चालू आहे का हिला? कुठलंही?"

"नाय," मालनबाई म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली.

इतक्यात दार धाडकन उघडलं. झुंबरचा बाप सहादू आत आला. ओझरच्या विमान कारखान्यातला कामगार. रात्रपाळी करून तो तसाच सायकल हाणत आला होता. त्याने वाकून मुलीच्या गळ्यातला काळा दोरा ओढला. दोऱ्याला एक काळा बिब्बा ओवलेला होता.

"हे बघा मॅडम! ही शेजारची आक्काबाई, हिने बांधला. दृष्ट लागू नये म्हणे. बिब्बा उतलाय पोरीच्या अंगावर! म्हातारीने माझी पोर मारायला घेतली!"

दाराबाहेर एक वाकलेली म्हातारी पदर तोंडाशी धरून उभी होती. ती आक्काबाई.

"सहादू, देवाच्यान् सांगते..."

"गप! माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही यापुढे. मी चाललो पोलीस चौकीत."

"सहादूभाऊ," शहनाज शांतपणे म्हणाली, "चौकी कुठे पळून जात नाही. मला उद्यापर्यंत वेळ द्या. आणि तो दोरा माझ्याकडे द्या. तो पुरावा आहे."

पुरावा म्हटल्यावर सहादूने दोरा तिच्या हातात ठेवला.

२

बिब्बा वाईट चावतो. त्याचा चीक लागला तर कातडी काळी पडते, फोड येतात. पण शहनाजने झुंबरची मान नीट पाहिली. बिब्बा जिथे टेकत होता तिथे फोड नव्हता, डाग नव्हता. पुरळ सर्वांगावर सारखं होतं. आग लावणारा स्वतःच्या पायाखाली काही न जाळता गावभर आग लावेल का?

ती वऱ्हांड्यात आक्काबाईजवळ जाऊन बसली. "आक्का, बिब्बा कधी बांधलात?"

"पयला गोवर उतरला ना, तवा. पोर नुसती वाळली हुती. म्हणलं, कुणाची नजर नको." आक्काबाईने डोळे पुसले. "माझ्या अंगणात खेळून वाढलीया ती. मी तिचं वाईट करीन व्हय?"

म्हणजे पहिल्या वेळी बिब्बा गळ्यात नव्हताच. शहनाजने दोरा कचऱ्याच्या डब्यात टाकून दिला. पहिली संशयित सुटली.

दुपारी मामा आला, कोंडाजी. दिंडोरीकडे त्याची द्राक्षाची लहानशी बाग होती. तो खाली मान घालून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, माझीच चूक असंल. आठवड्यापूर्वी मी आगाप, मोसमाआधी पिकलेल्या द्राक्षाचे घड आणले हुते. त्यावर मोरचुदाची फवारणी असते. पोरीनं धुतले नसतील."

मोरचूद म्हणजे तो निळा क्षार. शहनाज क्षणभर विचारात पडली. मग तिने विचारलं, "मामा, दिवाळीच्या आधी तुमच्या बागेत काय होतं?"

"दिवाळीच्या आधी? तवा छाटणी होऊन नुकता फुलोरा आलेला. घड कुठले!"

"मग पहिल्या वेळी हिने काय, फुलोरा खाल्ला?"

कोंडाजीच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. तो हसलासुद्धा. दुसरा संशयितही सुटला.

शहनाज पुन्हा मालनबाईकडे वळली. खरा प्रश्न आता तिच्या ध्यानात आला होता. आजार कसा आला हे सगळे सांगत होते. गेला कसा, हे कोणीच सांगितलं नव्हतं.

"मालनबाई, पहिला गोवर उतरला कशानं?"

"देवीनं उतरवला. गोवर म्हंजी देवीच की. दारात कडुलिंब बांधला, दहीभात दिला. देवी घरात असली की औषध-गोळी देत नाय आमच्यात, तिला राग येतो. म्हनून समदं बंद केलं. मग आठ-दहा दिसांत पोर टवटवीत झाली."

"समदं बंद केलं," शहनाज सावकाश म्हणाली. "म्हणजे काय बंद केलं? औषध तर चालूच नव्हतं ना?"

मालनबाईचं तोंड उघडं राहिलं. मग तिने ते घट्ट मिटलं.

"काय नाय," ती म्हणाली. "असंच बोलले."

३

दुसऱ्या दिवशी झुंबरला थोडी हुशारी आली. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला रियाज होता. दोघांनी मिळून चार चिठ्ठ्या केल्या, राजा, प्रधान, चोर, शिपाई. खेळाला चार जण हवेत, म्हणून लंकाबाई आयाला बसवलं. शहनाज फेरीवर आली तर तिलाही धरलं.

"डॉक्टरबाई, तुम्ही शिपाई! चोर ओळखा," झुंबर म्हणाली.

"लंकाबाई चोर," शहनाज म्हणाली.

"वा! सकाळपासून फरशी पुसतेय ती चोर, आणि हा उंडगा राजा!" लंकाबाईने चिठ्ठी आपटली. तिच्याकडे प्रधान होता.

झुंबर खळखळून हसली. हसताना तिच्या जिभेची कड दिसली. तिथे भरत आलेली एक जखम होती, दातांच्या रांगेसारखी. हसता हसता उशी सरकली आणि खालून काहीतरी घरंगळत शहनाजच्या पायाशी आलं.

कांदा होता तो. अर्धा चिरलेला.

मालनबाईने झेप घालून तो उचलला. "उन्हाची झळ लागू नये म्हणून ठेवलाय, बाई."

शहनाजने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर माणसं मफलर गुंडाळून शेकोटीभोवती बसली होती. लंकाबाईच्या अंगावर दोन स्वेटर होते.

"झुंबर," शहनाजने अगदी सहज विचारलं, "रामकुंडावर पोहायला जातेस की नाही?"

"आई सोडतच नाही. चुलीपाशीपण बसू देत नाही. यशोदाताईला बघायला पाहुणे आले ना, की मला आक्काबाईकडे कोंडून ठेवते." झुंबरने ओठ काढला. "मला कधीकधी चक्कर येते. त्यात काय एवढं?"

मुलांनो, इथे जरा थांबा. थंडीत उशीखाली कांदा आहे आणि जिभेला दाताची जखम आहे. पाणी आणि आग या दोन्हींपासून मुलीला लांब ठेवलं जातं. पाहुण्यांपासून लपवलं जातं. शहनाजने हे सगळं एकापुढे एक मांडलं आणि मालनबाईला वऱ्हांड्याच्या टोकाशी नेलं.

"हुंगायला ठेवलाय ना तो कांदा? झुंबरला फिट येतात."

मालनबाई खांबाला धरून खाली बसली.

"हळू बोला, बाई. कुणाला कळलं तर माझ्या थोरलीचं लगीन व्हनार नाय. यशोदाला बघायला लोक यायला लागलेत. म्हनतील, धाकटीला मिरगी हाय, रक्तातच असंल. ह्यांना तेवढं ठाव हाय. पोरीला बी सांगितलं नाय."

"आणि औषध?"

तिने कमरेची चंची सोडली. आत पांढऱ्या गोळ्या होत्या, हळदीने पिवळसर डागाळलेल्या. "पाकीट फेकून दिलं. मिसळणाच्या डब्यात, हळदीच्या वाटीखाली ठिवते. रोज संध्याकाळी कुटून गुळाच्या खड्यात घालून देते. गावातल्या एका डॉक्टरांनी दिल्यात. फिट थांबल्या हुत्या, बाई! मग गोवर आला म्हनून बंद केल्या. गोवर उतरला, पर फिट पुन्हा आली. म्हनून मागच्या आठवड्यात पुन्हा सुरू केल्या."

"इथे दवाखान्यातही दिलीत?"

मालनबाईने मान हलवली. "काल बी दिली."

शहनाजने गोळी उजेडात धरून तिच्यावरची खूण पाहिली. फेनिटॉइन. फिट थांबवणारं चांगलं, जुनं औषध. हजारो मुलांना जगवणारं.

"मालनबाई, गोवर एकदाही आला नव्हता. प्रत्येकाच्या अंगात राखणदार असतात. परका दिसला की ते काठ्या घेऊन धावतात. बहुतेकांचे राखणदार या गोळीला काही म्हणत नाहीत. हजारांत एखाद्याच्या अंगात मात्र तिलाच चोर समजतात, आणि तिला झोडताना घरचीच भांडीकुंडी फोडतात. तेच पुरळ, तोच ताप, त्यातूनच यकृताला सूज. पहिल्या वेळी त्यांना चेहरा ओळखायला काही आठवडे लागले. दुसऱ्या वेळी चेहरा ठाऊक होता, म्हणून ते लगेच धावले."

"म्हंजी म्या माझ्या हातानं..."

"तुम्ही गोळी फिट थांबावी म्हणूनच दिलीत. आणि देवीच्या नावाने का होईना, ती बंद केलीत म्हणून पोर तेव्हा वाचली. पण लपवलंत, म्हणून तिला पुन्हा मिळाली."

चोर सापडला होता. सहादूला सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ टोपी हातात चुरगाळत उभा राहिला. आक्काबाई दाराबाहेरच बसलेली होती. तिच्या समोरून तो गेला, पण मान वर करायचं धाडस त्याला झालं नाही.

औषध बंद झालं. मात्र आता फिट येऊ नये म्हणून दुसरं काही देणं भाग होतं. शहनाजने फेनोबार्बिटोन सुरू केलं. वेगळं औषध, वेगळी गोळी, वेगळं नाव. ताप उतरू लागला. झुंबरने वाटीभर भात खाल्ला.

आणि मग एका सकाळी लंकाबाई धावत आली. "बाई, लवकर चला. पोर पुन्हा तापानं भाजलीय!"

४

चोर तुरुंगात आणि चोरी चालूच!

या खेपेला ताप आधीहून जास्त होता. ओठ सोलवटले होते. पोटावर पुरळ पसरलं होतं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मोठ्या डॉक्टरांनी तपासून शहनाजला बाजूला घेतलं. "यकृत सांभाळ. हे असंच वाढलं तर मुलगी हातची जाईल."

शहनाजने आधी मनाला समजावलं, जुन्या गोळीचाच हा शेपटाचा मार असेल. पण मग उतरलेला ताप पुन्हा चढला का?

"तूच दिली असशील!" सहादू बायकोवर ओरडला. "चोरून! फिट येईल या भीतीने!"

"नाय हो, पोरीची आन! चंची डॉक्टरीणबाईंकडे हाय!"

चंची खरंच शहनाजच्या कपाटात कुलपात होती. गूळसुद्धा बंद होता. शहनाजने मालनबाईच्या डोळ्यांत पाहिलं. ही बाई एकदा खोटं बोलली होती, आणि तेव्हा ती डोळे चुकवत होती. आता चुकवत नव्हती.

मग राहिलं कोण? नवी गोळी. पण दोन वेगवेगळी औषधं एकाच मुलीला सोसू नयेत, हा कसला योगायोग? शहनाजने नवी गोळीही बंद केली आणि जड मनाने तिसरं औषध लिहून दिलं, कार्बामाझेपिन. फिट थांबवण्यासाठी हाताशी तेच उरलं होतं. दुपारपासून सुरू करायचं ठरलं.

दुपारी झुंबरने क्षीण आवाजात हाक मारली. "डॉक्टरबाई, एक डाव."

"तुला बसवत नाही."

"मी पडून खेळते. रियाज माझी चिठ्ठी वाचणार नाही. हो ना रे?"

"तुझ्याकडे चोरच असणार. वाचायला कशाला हवी?" रियाज म्हणाला.

चिठ्ठ्या पडल्या. झुंबर छताकडे बघत म्हणाली, "ताईची सोयरीक मोडली. बाबा आईला सांगत होते, मी झोपलेय असं समजून."

शहनाज दचकली. "का? कोणाला कळलं काही?"

"नाही हो. सगळं जुळलं होतं. पाहुण्यांचं आडनाव वेगळं, गाव वेगळं. आमची ओळखसुद्धा नव्हती. मग त्यांच्या म्हाताऱ्याने विचारलं, देवक कोणतं? बाबा म्हणाले, कळंब. तो म्हणाला, आमचंपण कळंब. झालं, मोडलं."

"कळंब? झाडाचं काय त्यात?" रियाजने विचारलं.

"अरे, लग्नात ज्याची पूजा करतात ना, ते देवक. ज्यांचं देवक एक, ते मुळात एकाच घरातले. मग आडनाव काही का असेना. बाहेरून वेगळे, आतून भाऊच. भावाबहिणीचं लग्न लावतात का कुठे?"

तेवढ्यात सिस्टर आली. झुंबरच्या तळहातावर तिने नवी गोळी ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला.

शहनाजच्या हातातली चिठ्ठी तशीच राहिली. बाहेरून वेगळे, आतून भाऊच.

झुंबरने गोळी तोंडापाशी नेली.

"थांब!" शहनाज इतक्या जोरात ओरडली की सगळा वॉर्ड तिच्याकडे बघू लागला. "झुंबर, ती गोळी तोंडात घालू नकोस!"

५

मुंबईचा ट्रंककॉल लागायला बराच वेळ गेला. पलीकडे शहनाजचे जुने प्राध्यापक होते. ऐकू कमी येत होतं, म्हणून ती ओरडून बोलत होती आणि कचेरीतले कारकून कान देऊन ऐकत होते.

"सर! फेनिटॉइन सोसलं नाही. फेनोबार्बिटोनही सोसलं नाही. कार्बामाझेपिन दिलं तर?"

तारेतून खरखर आली, आणि मग सरांचा आवाज. "देऊ नकोस! अशी काही मुलं नोंदली गेली आहेत. एक नाही सोसलं, तर पुष्कळदा उरलेली दोन्ही सोसत नाहीत. दिलं तर नाहीस ना?"

"नाही, सर." शहनाजने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "एका मुलीने वाचवलं."

"कोणत्या?"

"जिला देणार होते, तिनेच."

संध्याकाळी तिने सगळ्यांना खाटेभोवती बोलावलं. सहादू, मालनबाई, कोंडाजी आले. कॉलेजातून यशोदा आली. आक्काबाई दारापर्यंत आली आणि तिथेच बसली.

"पहिली चूक आपल्या सगळ्यांची," शहनाज म्हणाली. "आपण एक चोर शोधत होतो. बिब्बा नव्हता, कारण पहिल्या वेळी तो गळ्यात नव्हता. द्राक्षं नव्हती, कारण तेव्हा बागेत नुसता फुलोरा होता. गोवर नव्हता, कारण तो असा दोनदा येत नाही. गोळी बंद झाली की आजार जातो आणि सुरू झाली की येतो, म्हणून गोळी पकडली. इथवर बरोबर होतं. मग मी चुकले. नाव वेगळं, रंग वेगळा बघून मी तिच्याच भावाला घरात घेतलं, आणि दुसऱ्या भावाला दारात आणून उभं केलं."

"म्हणजे?" सहादूने विचारलं.

"म्हणजे देवक, बाबा!" झुंबर उशीवरून म्हणाली.

"अगदी बरोबर. या तिन्ही औषधांच्या रचनेत एक भाग सारखा आहे, समजा कळंबाची फांदी. शरीरात गेल्यावर तिच्यापासून जो कचरा होतो, तो बाकीच्यांचं अंग निपटून टाकतं. झुंबरचं अंग त्यात कमी पडतं. राखणदार गोळीचं नाव बघत नाहीत. ते देवक बघतात."

"मग फिटचं काय करायचं?" यशोदाने विचारलं.

"वेगळ्या देवकाची औषधं आहेत. एक आजपासून तात्पुरतं. यकृत सुधारलं की दुसरं, ते मुंबईहून येतंय." शहनाज मालनबाईकडे वळली. "अजून एक सांगते, ते तुम्हाला आवडणार नाही. हे कधीकधी रक्ताच्या नात्यात असतं. यशोदाला आयुष्यात फिट येणार नाही कदाचित. पण या तिन्हींतलं एखादं औषध झोपेसाठी, नसांच्या दुखण्यासाठीही देतात. उद्या सासरी कोणी तिला ते दिलं, आणि घरात कोणाला काहीच ठाऊक नसलं तर?"

मालनबाई थोरलीकडे बघत राहिली.

झुंबर सावकाश बरी झाली. आधी ताप गेला, मग डोळे पांढरे झाले. शेवटी कातडीचा पातळ पापुद्रा सुटून आला. "कांद्यासारखी सोलून निघाले मी," ती रियाजला म्हणाली. तो म्हणाला, "म्हणूनच तुला बघून रडू येतं." घरी जायच्या दिवशी तिने चिठ्ठ्या शहनाजच्या खिशात कोंबल्या.

६

फाल्गुनातल्या एका रविवारी शहनाज झुंबरला तपासायला पंचवटीत गेली. गल्लीत भाजीच्या हातगाड्या होत्या, सायकल हातात धरूनच जावं लागत होतं. सहादूच्या दाराशी चपलांची रांग दिसली. आतून बशांचा आवाज येत होता.

"डॉक्टरबाई, इकडे!" समोरच्या ओट्यावरून हाक आली. झुंबर आक्काबाईजवळ बसली होती. परकर-पोलकं, दोन वेण्या, गाल भरलेले. "ताईला बघायला आलेत. देवक आधी विचारून घेतलंय या वेळी! आईने मला इकडे पाठवलं."

"पुन्हा?" शहनाजने विचारलं.

"काय करावं आईनं बी," आक्काबाई पुटपुटली. "भीती अशी जाती व्हय."

"आणि आक्का, तुम्ही? सहादूभाऊ बोलले की नाही तुमच्याशी?"

"जाता-येता थांबतो. घसा खाकरतो आनि जातो. त्याला लाज वाटती, मला कळतं. पर ‘पाय लावायचा नाही’ म्हणला, ते त्यानं मागं घेतलं नाय. मग मी कशी जाऊ?"

शहनाजने झुंबरची नाडी पाहिली, डोळे पाहिले, मान चाचपली. सगळं छान होतं. फिट? नव्या औषधावर आल्यापासून एकही नाही.

गोदावरीच्या काठच्या देवळात बाराची घंटा झाली. झुंबर उठली.

"कुठे गं?" आक्काबाईने विचारलं.

"माझी गोळी."

"पाव्हणे जाऊ दे की."

झुंबरने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. शहनाज काहीच म्हणाली नाही. ज्याचं त्याने ठरवायचं असतं, अशी काही कामं असतात.

झुंबर गल्ली ओलांडून घरात शिरली. उघड्या दारातून शहनाजला सगळं दिसत होतं. सतरंजीवर बसलेले पाहुणे, त्यांतली जाड काठाचं लुगडं नेसलेली बाई, मुलाची आई. पोह्यांच्या बशा. खाली मान घातलेली यशोदा. आणि मालनबाई, जिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

झुंबर सरळ फडताळाशी गेली. आता गोळ्या हळदीखाली नव्हत्या, पाकिटातच होत्या. तिने पाकीट काढलं, पाहुण्यांच्याच तबकातला पाण्याचा पेला उचलला आणि सगळ्यांसमोर गोळी गिळली.

"कसली गं गोळी, बाळ?" पाहुण्या बाईने विचारलं.

सहादू अर्धवट उठला. मालनबाईने पदर मुठीत आवळला.

"फिटची," झुंबर म्हणाली. "मला फिट यायच्या. आता येत नाहीत. आणि तीन औषधं आहेत, ती मला चालत नाहीत. नावं वेगळी, पण त्यांचं देवक एक आहे. ताईला फिट येत नाहीत, पण तीही ती औषधं घेणार नाही. तुमच्या घरी आली तर तुम्हाला ठाऊक पाहिजे. मी तोंडपाठ केलीत. म्हणून दाखवू?"

बाहेर भाजीवाला ओरडत होता. यशोदाने मान वर केली होती आणि ती पहिल्यांदाच पाहुण्यांकडे सरळ बघत होती. पाहुण्या बाईने हातातली बशी खाली ठेवली.

"म्हणून दाखव," ती म्हणाली. "सावकाश म्हण. मला नीट लक्षात राहायला हवं."

झुंबरने तिन्ही नावं म्हणून दाखवली, एकही न चुकता. मग तिने पेला तबकात ठेवला, पुन्हा गल्ली ओलांडली, ओट्यावरच्या आक्काबाईचा हात धरला आणि तिला हळूहळू चालवत आपल्या उंबऱ्यापाशी आणलं. आक्काबाई तिथे थबकली. सहादूने एकदा घसा खाकरला. मग पुढे होऊन त्याने म्हातारीचा दुसरा हात धरला.

पाहुणी बाई सतरंजीवर थोडी सरकून बसली. झुंबरने त्या मोकळ्या जागेवर आक्काबाईला बसवलं आणि तिच्यासाठी पोह्यांची बशी भरायला ती आत पळाली.